मामांची राडो आणि मुंबईची व्हेंचुरा

पत्र

ताई, मी ३६ वर्षांचा आहे. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करतो. तीन वर्षांपूर्वी मामा गेले. त्यांनी कुवेतहून आणलेली राडो डायास्टार मामींनी माझ्या हातात ठेवली. लंबगोल, वजनदार, इतकी वर्षं रोज वापरूनही केसवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, ओरखडा नाही. तेव्हापासून मला गोल नसलेल्या जुन्या घड्याळांचं वेड लागलंय. गेल्या वर्षी लंबगोल ओमेगा डायनॅमिक घेतली. आता मुंबईतला एक विक्रेता १९५७ची सोन्याची हॅमिल्टन व्हेंचुरा ३ लाख ४० हजारांना देतोय. “पूर्ण रिस्टोअर केलीय, आरशासारखी पॉलिश आहे, आतलं मशीन नवं, कधी बंद पडणार नाही,” असं म्हणतो. आठवड्यात पैसे दिले नाहीत तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. पैसे मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या एफडीत आहेत. बायकोला अजून बोललो नाही. ही गुंतवणूक आहे हे तिला कसं पटवू? आणि राडोची डायल डागाळली आहे, ती नवी करून घेऊ का?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर

आधी घाईचं सांगते. त्या विक्रेत्याला आजच कळवा की हे घड्याळ तुम्हाला नको. त्याने आठवड्याची मुदत दिली आहे, तुम्ही एक दिवसही घेऊ नका. बाकीचं मग निवांत बोलू, कारण तुमचं वेड मला चांगलं कळतं. माझे वडील रविवार कारंज्याजवळ एका जिन्याखालच्या जागेत घड्याळं दुरुस्त करायचे. शाळा सुटली की मी त्यांच्या टेबलाशेजारी जाऊन बसायचे. गोल घड्याळ आलं की ते सरळ झाकण उघडून कामाला लागत. चौकोनी, पिंपाच्या आकाराचं, एका बाजूला कललेलं असं काही आलं, की डोळ्यावरचं भिंग काढून ठेवत आणि घड्याळ नुसतं हातात फिरवत राहत. गिऱ्हाईक समोर ताटकळत असलं तरी.

तुम्हाला ज्या व्हेंचुराने भुरळ घातली, ती घालण्यासारखीच आहे. ३ जानेवारी १९५७ला अमेरिकेतल्या लँकेस्टरच्या हॅमिल्टन कंपनीने बॅटरीवर चालणारं जगातलं पहिलं मनगटी घड्याळ लोकांपुढे आणलं, ते हेच. आत चावीची स्प्रिंगच नाही, मग बाहेरचं रूप तरी जुन्यासारखं कशाला, या विचाराने रिचर्ड आर्बिबने तिला ढालीसारखा, एकीकडे झुकलेला त्रिकोणी आकार दिला. आर्बिब मोटारींची रूपं आखणारा माणूस होता. त्या काळातल्या अमेरिकन गाड्यांची मागची पाती आठवा, म्हणजे हा आकार कुठून आला ते दिसेल. आतलं यंत्र नवं म्हणून बाहेरचा आकार नवा. व्हेंचुरातली ही दोन्ही अंगं एकमेकांवाचून अपुरी आहेत.

म्हणूनच “आतलं मशीन नवं” हे शब्द वाचून मी थबकले. मूळ व्हेंचुरात ५०० नंबरचं कॅलिबर, म्हणजे मशीन, असतं. त्यातल्या पुढेमागे झुलणाऱ्या चाकावरच, बॅलन्स व्हीलवरच, तारेचं बारीक वेटोळं असतं आणि केसासारख्या नाजूक तारा ठरल्या क्षणी टेकून त्याला वीज पुरवतात. या तारांनी पहिल्यापासून त्रास दिला. १९६१मध्ये कंपनीने ५०५ नंबरचं सुधारलेलं मशीन आणलं. पुढे हे काम जाणणारे हात कमी होत गेले आणि दुकानांनी सोपी वाट धरली: जुनं मशीन काढायचं आणि स्वस्तातलं, आजच्या साध्या बॅटरीच्या घड्याळांतलं क्वार्ट्झ मशीन बसवायचं. असं घड्याळ खरंच बंद पडत नाही. पण मग तुम्ही ३ लाख ४० हजार कशाचे देताय? जगातलं पहिलं विजेवरचं मनगटी घड्याळ म्हणून जे विकलं जातंय, त्यातलं ते पहिलं यंत्रच कुणीतरी काढून टाकलेलं.

पुढच्या वेळेसाठी सांगते, हे घरबसल्या तपासता येतं. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मागवायचा आणि फक्त सेकंदकाट्याकडे बघायचं. तो सेकंदाला एकच उडी मारत असेल तर आत क्वार्ट्झ आहे. मूळ मशीन सेकंदाला पाच ठोके देतं, त्यामुळे काटा बारीक थरथरत सरकल्यासारखा दिसतो. दुसरं, झाकण उघडलेला फोटो मागवायचा. तो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याशी पुढे बोलायचंच नाही. तिसरं, मूळ व्हेंचुरा ठोस १४ कॅरेट सोन्यात होती. झाकणावर ‘१० के गोल्ड फिल्ड’, म्हणजे वर नुसता सोन्याचा पातळ थर, असं कोरलेलं दिसलं, तर ते दुसरंच मॉडेल व्हेंचुराच्या नावाने तुमच्या गळ्यात मारलं जातंय. हॅमिल्टनच्या त्याच कुटुंबातली पेसर गोल्ड फिल्ड होती. तीही आकाराने तिरकी आणि देखणी, पण तिची किंमत वेगळी.

सोन्याची परीक्षा करायला सराफ बाजारात जाल तेव्हा एक सांभाळा. कसोटीवर घासून बघतो असं कुणी म्हणालं तर घड्याळ पटकन मागे घ्या. अंगठी घासली तर चालतं, घड्याळाच्या केसची कड घासली तर ती गेली. कॅरेट मोजायचं मशीन असलेल्या दुकानात जा, त्यात सोन्याला धक्का लागत नाही.

आता “आरशासारखी पॉलिश”. या दोन शब्दांसाठीच मी तुम्हाला नको म्हणाले, मशीन मूळचं निघालं असतं तरी म्हणाले असते.

तुम्ही टूलरूममध्ये आहात, म्हणून तुमच्याशी थेट बोलता येतं. चॅम्फर काढलेल्या, धार जिवंत असलेल्या जॉबवर कुणी उत्साहाने बफ मारला तर काय होतं? पृष्ठभाग चमकतो, कड मात्र गोल होते. ड्रॉइंगमध्ये जिथे दोन पातळ्या एका रेषेत भेटायच्या, तिथे आता साबणाच्या वडीसारखा उतार येतो. इन्स्पेक्शनमध्ये तो जॉब तुम्ही बाजूला काढून ठेवाल. मग घड्याळात हेच झालं की पैसे जास्त का द्यायचे? गोल घड्याळ थोडं घासलं गेलं तरी गोलच राहतं. पण ज्याचं सगळं मोल कोनात, कडेत, एका रेषेच्या वळणात आहे, त्याची कड गेली की मागे उरतं ते सोन्याचं वजन. आणि ते वजनही बफच्या चाकाने थोडं खाल्लेलं असतं.

मुळात घड्याळं गोल का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा आधी सुचलं असेल. गोल केस लेथवर फिरते, झाकणाला आटे पाडता येतात, गोल रबरी रिंग सगळीकडे सारखी दाबली जाते आणि पाणी आत शिरत नाही. कोपरा आला की तिथे रिंग नीट बसत नाही. म्हणून १९६९मध्ये ह्यूअरने चौकोनी आणि तरीही पाण्याला दाद न देणारी मोनॅको आणली तेव्हा ती बातमी झाली. आतलं स्वयंचलित क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचवालं, मशीन त्यांच्या गोल घड्याळांतही होतंच. वेगळेपण सगळं केसमध्ये होतं. १९७२ची ऑडेमार पिगेची रॉयल ओक बघा. जेराल्ड जेंटाने स्टीलचं घड्याळ आखलं आणि कंपनीने ते सोन्याच्या घड्याळांपेक्षा महाग विकलं. काचेभोवतीच्या अष्टकोनी कड्यावर, बेझलवर, आठ स्क्रू आणि त्या आठही स्क्रूंच्या खाचा अगदी शिस्तीत एका वर्तुळावर. साधा स्क्रू आवळला की खाच वाटेल तिथे थांबते, हे तुम्ही रोज बघता. इथे मात्र षटकोनी डोकं षटकोनी खोबणीत बसलेलं असतं. ते फिरतच नाही, आवळायचं ते मागच्या बाजूने. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा वडील हयात नव्हते, आणि हे त्यांना दाखवता आलं नाही याची रुखरुख अजून आहे.

रॉयल ओकची किंमत तुमच्या-माझ्या आवाक्याबाहेरची आहे. पण ती नीट बघायला पैसे पडत नाहीत. तिच्या सपाट भागांवर ब्रशच्या रेघा असतात आणि कडेला बारीक चकचकीत पट्टी. ती पट्टी सगळीकडे सारख्या रुंदीची आहे का, एवढं बघायला शिका. त्याच नजरेने पुढे कुठलंही घड्याळ बघता येईल.

एक चूक माझी स्वतःची सांगते. वडील गेल्यावर त्यांचं रोजचं स्टीलचं घड्याळ, उशीच्या आकाराचं, मी एका मोठ्या दुकानात सर्व्हिसिंगला दिलं. वर्षश्राद्धाला भावाला द्यायचं होतं, म्हणून “जरा नवं करून द्या” असं मीच म्हणाले. परत आलं ते लखलखीत. चारही कोपरे विरघळल्यासारखे, मागचा नंबर बोटाला लागेनासा झालेला, आणि चावीच्या बाजूला वडिलांच्या अंगठ्याने वर्षानुवर्षं घासून पडलेली फिकट जागा पुसून गेलेली. दुकानाने सांगितलेलंच केलं, पण पॉलिश म्हणजे काय होतं हे गिऱ्हाइकाला विचारायला हवं होतं. आणि घड्याळवाल्याची मुलगी असून मी तरी विचारायला हवं होतं. त्यामुळे सर्व्हिसिंगला देताना पावतीवर लिहूनच घ्या: केस पॉलिश करायची नाही, डायलला हात लावायचा नाही, काढलेला प्रत्येक भाग परत द्यायचा.

तुमच्या ओमेगा डायनॅमिकबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, तरी सांगते. तिचं झाकण मागून सुरीने उचकटायचा प्रयत्न कुणालाही करू देऊ नका. मागे दिसते ती रिंग पट्टा धरून ठेवणारी आहे आणि ती खास चावीने फिरते. केस अखंड आहे, मशीन काचेच्या बाजूने बाहेर येतं. हे माहीत नसलेल्या दुकानदाराने केसची मागची बाजू खरवडून ठेवलेली मी पाहिली आहे. दुरुस्तीला द्यायच्या आधी “हे कुठून उघडतं?” एवढंच विचारा. उत्तर चुकलं तर आभार मानून बाहेर पडा.

आता पैशाचं. बायकोला कसं पटवू, असं तुम्ही विचारलंय. पटवू नका, कारण तुम्ही म्हणताय ते खरं नाही. घड्याळांचे भाव चढतात हे बरोबर, पण २०२२च्या सुरुवातीला वापरलेल्या महागड्या घड्याळांचे भाव चढले ते पुढे उतरलेही, आणि शिखरावर घेणाऱ्यांचे हात पोळले. त्यातही चढतात ती निवडक, मूळ अवस्थेतली. मशीन बदललेली, घासलेली व्हेंचुरा घेऊन तुम्ही विकायला निघालात तर आज जो विक्रेता तिला दुर्मीळ म्हणतोय, तोच उद्या तिच्यातल्या खोड्या मोजून दाखवेल. नाशकात असं घड्याळ घेणारा दुसरा माणूस शोधायला किती दिवस लागतील? एफडी मोडायला एक सही लागते, घड्याळ मोडायला गिऱ्हाईक लागतं.

आणि मुलीच्या नावाचे पैसे. त्याबद्दल मी फार बोलणार नाही. तुम्ही ते पत्राच्या शेवटाकडे, एका ओळीत उरकलंत, त्यावरून तुम्हालाही ते बोचतंय असं मला वाटतं.

बायकोला खरं ते सांगा: मला हे आकार आवडतात, कामावरून आल्यावर ही घड्याळं हातात घेतली की बरं वाटतं, आणि यासाठी वर्षाला अमुक रक्कम बाजूला काढायची माझी इच्छा आहे. रक्कम दोघांनी मिळून ठरवा. ओव्हरटाइमचे आणि बोनसमधले थोडे पैसे वेगळ्या आरडीत टाका, त्यातूनच घड्याळ घ्या, त्यातूनच सर्व्हिसिंग करा. ती हो म्हणेल की नाही हे मी कसं सांगू? पण नवऱ्याला अमुक आवडतं हे ऐकून घेणं आणि चोरून मोडलेल्या एफडीची पावती कपाटात सापडणं, यातलं पहिलं तिला सोसेल. आणि तिला भिंग द्या. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग फार महाग नसतं. ज्वारी निवडणारे, मोगऱ्याच्या कळ्या ओवणारे डोळे आपल्या घरात असतात. त्या डोळ्यांना रंगवलेली डायल माझ्या-तुमच्या आधी दिसते.

पैसे साठेपर्यंत हात रिकामे ठेवू नका. तुमची सुट्टी शनिवारी असेल तर सकाळची पंचवटी पकडून मुंबईला जा, दिवसभर घड्याळं बघा, संध्याकाळी त्याच गाडीने परत या. खिशात घड्याळाचे पैसे नेऊ नका. घड्याळ हातात घ्या, खिडकीपाशी न्या, तिरक्या उजेडात केसच्या कडा बघा. डायलवरची अक्षरं बघा: मूळ छपाई बारीक, टोकदार आणि सारख्या जाडीची असते, नंतर रंगवलेली फुगलेली दिसते किंवा तासांच्या खुणांशी जुळत नाही. मुंबईत रंगवलेल्या डायलची जुनी घड्याळं इतकी निघाली की ‘मुंबई स्पेशल’ हे नाव बाहेरच्या देशातल्या संग्राहकांच्याही तोंडी बसलंय. आपल्याकडच्या एचएमटी आणि स्वित्झर्लंडच्या फावर-ल्यूबाही त्यात सापडतात.

अंधारात चमकणारे काटे असलेलं १९६०च्या आधीचं घड्याळ मिळालं, तर त्यात रेडियम असू शकतं. त्याची चमक संपलेली असते पण किरणोत्सर्ग नाही. रेडियमचं अर्धं आयुष्यच सुमारे १६०० वर्षांचं आहे. ते घरी उघडायचं नाही आणि काट्यांवरचा रंग तर कधीच खरवडायचा नाही. लहान मूल आहे घरात.

कुणी घड्याळाची गोष्ट सांगायला लागला तर ऐकून घ्या, पण गोष्टीचे पैसे देऊ नका. कार्टिएची १९६७ची लंडनमधली ‘क्रॅश’ मोटार अपघातात वितळलेल्या घड्याळावरून सुचली, असं अजून सांगतात. कार्टिए घराण्याच्या वंशजांनी सांगितलेली हकीकत निराळी आहे. तो वाकलेला आकार झाँ-झाक कार्टिए आणि रुपर्ट एमर्सन यांनी मुद्दाम, कागदावर रेषा काढून आखला. मला हीच हकीकत जास्त आवडते. अपघाताने कुणाचंही घड्याळ वाकेल. तसं वाकवून, त्याच्यात काटे फिरते ठेवणं हे कारागिराचं काम आहे.

व्हेंचुराचा नुसता आकारच मनगटावर हवा असेल, तर हॅमिल्टन आजही क्वार्ट्झची नवी व्हेंचुरा बनवते, आणि ती तुमच्या विक्रेत्याच्या किमतीच्या खूप खाली मिळते. ती नवी म्हणूनच विकली जाते, त्यात फसवणूक नाही. ती घेतलीत तर मला आनंदच होईल.

आणि शेवटी मामांची राडो, जिच्याकडे तुम्ही मला वाटतं थोडं दुर्लक्ष करताय. डायास्टार १९६२मध्ये आली. तिची केस टंगस्टन कार्बाइडच्या कठीण धातूची. तुम्ही मशीनवर जी कार्बाइडची टिप लावून स्टील कापता, तीच जात. म्हणून मामांनी ती कुवेतच्या वाळूत वापरली, इथे आल्यावर भाजीच्या पिशव्यांबरोबर वापरली, आणि साधा बफ तिचं काही बिघडवू शकला नाही. १९६२मध्ये एका माणसाने आखलेली कड आज तुमच्या हातात जशीच्या तशी आहे. व्हेंचुरात तुम्ही जे शोधताय ते हेच. फक्त कार्बाइड कठीण असतं तितकंच ठिसूळही असतं, हे तुम्हाला सांगायला नको. मोरीच्या फरशीवर पडू देऊ नका.

डायल नवी करू नका. डाग राहू द्या. सर्व्हिसिंग मात्र करा, आणि पावसाळ्यात पाथर्डी फाट्यावरून दुचाकीने येताना ती घालू नका, कारण केस कितीही कठीण असली तरी आतलं रबर मामांच्या काळातलं आहे. काचेच्या आत वाफ दिसली तर उन्हात ठेवू नका, तांदळात पुरू नका, त्याच दिवशी दुरुस्तीला न्या.

त्याआधी एक करून बघा. स्वयंचलित जुन्या राडोच्या डायलवर, बाराच्या आकड्याखाली एक छोटा नांगर असतो. तो नुसता चिकटवलेला नसतो, तो फिरता असतो. घड्याळ कलतं केलं की तो झुलायला हवा. त्याच्या टेकूतलं तेल सुकलं की तो अडतो, आणि तेव्हा आतल्या मशीनलाही तेलाची वेळ झाली असं कंपनी सांगायची. आज रात्री दिव्याखाली बसा, बायकोलाही बोलवा, घड्याळ हळूच डावीकडे-उजवीकडे कलवा, आणि मामांचा नांगर अजून झुलतो का ते मला लिहून कळवा.